वऱ्हाडांतील बोलती इंग्रजी

ज्युबिली महोत्सवाच्या या स्मरणिकेंत मंदिराच्या इमारतीचा, पूर्वीच्या धर्मगुरूंचा व शाळेच्या वाढीचा वृत्तान्त इतर लेखकांनीं दिलाच आहे. संपादक मंडळानें आमच्याकडे "कांहीं तरी ऐतिहासिक" मागितलें, तेव्हां दगडविटांचा नव्हे तर जिभेचा इतिहास सांगावा असें आम्हीं ठरविलें. अकोल्याच्या बाजारांत भाजी विकणारी, शाळेचें तोंड न पाहिलेली बाई घ्या. दिवसाकांठीं तिच्या तोंडून वीस-पंचवीस इंग्रजी शब्द सहज निघून जातात, आणि ते इंग्रजी आहेत हें तिच्या गांवींही नसतें. उलटपक्षीं, तिचाच पदवीधर मुलगा नोकरीच्या मुलाखतींत साध्या प्रश्नाला इंग्रजींत उत्तर देतांना घामाघूम होतो. एकीला भाषा कोणीं शिकविली नाहीं, तरी तिचे शब्द तिला आले. दुसऱ्याला बारा-पंधरा वर्षें शिकविली, तरी बोलणें आलें नाहीं. हें कोडें आमच्यापुढें पुष्कळ दिवस आहे, व त्याचें मूळ वऱ्हाडच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासांत सांपडतें असें आम्हांस वाटतें.

आरंभीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. इंग्रज व मराठी माणूस यांची गांठ पडली तेव्हां पाटी-पेन्सिल घेऊन आधीं बसला तो इंग्रज. फादर थॉमस स्टीफन्स हे विल्टशायर परगण्यांतील येशूसंघी धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास उतरले आणि १६१९ सालीं देवाघरीं जाईपर्यंत तेथेंच राहिले. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्यांची दुसरी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. १५८३ सालीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं असें नमूद केलें होतें कीं, या देशच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांच्या घडणीसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांचें याच विषयावरील जगप्रसिद्ध व्याख्यान १७८६ सालचें. म्हणजे आमचे फादर त्यांच्या दोनशें वर्षें आधीं तेथवर पोहोंचले होते. दार आणि डोअर, नांव आणि नेम, नवा आणि न्यू, दोन आणि टू, हे शब्द शेजारीं शेजारीं ठेवून पाहावेत. ज्या भाषेची आपल्या मुलांना एवढी धास्ती वाटते ती नात्यानें अगदींच परकी नाहीं. दूरची, फार दिवसांत न भेटलेली आतेबहीण आहे इतकेंच.

पुढें दोन शतकांनंतरही हाच क्रम दिसतो. श्रीरामपूर येथील विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण इंग्रजींत प्रसिद्ध केलें व त्याला रोजच्या व्यवहारांतील संवाद जोडले. रोजच्या बोलण्याचीं वाक्यें पाठ करण्यासाठीं म्हणून छापलेलें आपल्या भाषेच्या संबंधांतलें हें फार जुनें साहित्य. पण तें साहेबानें मराठी शिकावी म्हणून होतें. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला. इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ सांगणारा मोठा कोश, जो मोल्सवर्थ यांनीं आरंभिला व कँडी यांनीं पुरा केला, तो यावयास १८४७ साल उजाडावें लागलें. राज्य करणाऱ्याची गरज आधीं भागली, राज्य केलें जाणाऱ्याची सोळा वर्षांनीं. मध्यंतरीं ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईस 'दर्पण' काढलें, त्यांत एका रकान्यांत इंग्रजी व शेजारच्या रकान्यांत मराठी असा मजकूर असे. एका डोळ्यानें इकडे व एका डोळ्यानें तिकडे पाहून किती जण इंग्रजी शिकले असतील याची मोजदाद कोणीं ठेवलेली नाहीं. परंतु शेजारीं शेजारीं ठेवून शिकण्याची ही रीत आमच्या मतें पुढच्या पुष्कळ पुस्तकांपेक्षां सरस होती.

हें सर्व मुंबई-पुण्याकडचें झालें. वऱ्हाडची गोष्ट निराळी. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें, तें त्याच्या फौजेच्या खर्चाच्या फेडीसाठीं. प्रदेश कागदोपत्रीं निजामाचा राहिला व कारभार इंग्रजांचा झाला. तोंवर येथील दफ्तरांत फारशीचा अंमल होता. तहसील, फौजदार, जमाबंदी, वसूल, वकील, दरखास्त हे शब्द खेड्यांतील माणसाच्या अंगवळणीं पडलेले होते, आणि त्यांचा अर्थ त्यानें कोशांत पाहिलेला नव्हता. पाठीवर वळ उमटून त्याला तो कळला होता. इंग्रजी ही त्यांवर चढलेली दुसरी पुटी. कोर्ट, समन्स, वारंट, अपील, नोटीस, हे शब्द त्याच वाटेनें आले. म्हणूनच आमच्या वृद्ध माणसांच्या तोंडीं 'लोटीस आली' या दोन शब्दांत जो भाव असे, तो कोणत्याही शब्दकोशांत सांपडणार नाहीं.

अकोल्याची रचनाच या इतिहासाचा नकाशा होती. मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर तटाच्या आंतील जुनें शहर व असदगडाचा किल्ला; पूर्व तीरावर ताजनापेठ, साहेबांचे बंगले व सरकारी कचेऱ्या. एका तीरावर वऱ्हाडी, दुसऱ्या तीरावर इंग्रजी, आणि मध्यें उन्हाळ्यांत घोटाभर पाण्याची मोर्णा. तें पाणी ओलांडून जो रोज कामाला जाई, म्हणजे चपराशी, खानसामा, माळी, धोबी, घोड्याचा मोतद्दार, तोच वऱ्हाडांतील पहिला इंग्रजी बोलणारा वर्ग होय. शाळामास्तर त्यानंतरचे. या लोकांची इंग्रजी हुकुमांची होती, व्याकरण तिला नव्हतें. पण काम अडत नसे.

खरा लोंढा आला तो आगगाडीबरोबर. जी. आय. पी. रेल्वेचा रस्ता भुसावळ, अकोला, बडनेरा असा होत १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला, आणि टेसन, तिकीट, गार्ड, इंजिन, सिंगल, लाइन, टाइम हे शब्द त्या मार्गानें जणूं डब्यांत बसूनच आले. 'अप' आणि 'डाऊन' यांचीच मौज पाहा. मुंबईकडे जाणारी ती अप व नागपुराकडे जाणारी ती डाऊन, हें अकोल्याच्या हमालास विचारावयाचें कारण पडत नाहीं. परंतु शाळेंत 'अप म्हणजे वर' असें शिकलेला मुलगा फलाटावर गोंधळतो. शब्दाचा अर्थ पुस्तकांत एक व व्यवहारांत दुसरा, आणि व्यवहारांतला आधीं कळला पाहिजे, हा धडा रेल्वेनें वऱ्हाडाला फुकट दिला. सगळेच शब्द मात्र आपण जसेच्या तसे घेतले नाहींत. 'ट्रेन'ला आगगाडी व 'स्टीमर'ला आगबोट हीं नांवें लोकव्यवहारांतच रुजलीं. दुसरा शब्द तर अर्धा आपला व अर्धा त्यांचा, आणि तरीही किती ठसठशीत! पुढें विसाव्या शतकांत स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ केली. दिनांक, महापौर असे शब्द तिच्यामुळें रूढ झाले व ते चांगलेच आहेत. पण टेसनाला हात लावणें कोणालाच साधलें नाहीं, आणि आम्हांस त्याचें दुःखही नाहीं.

शिकलेली मंडळी 'टेसन', 'इस्कूल', 'लंबर' या उच्चारांना हंसतात. हंसण्यापूर्वीं त्यांनीं थोडें लॅटिन पाहावें. शब्दाच्या आरंभीं 'स्ट' किंवा 'स्क' असा जोड आला कीं वऱ्हाडी जीभ एक तर 'स' गाळते किंवा त्याच्या आधीं एखादा स्वर बसविते. लॅटिनमधील 'स्कोला' या शब्दाचें स्पॅनिश लोकांनीं 'एस्कुएला' केलें, तें अगदीं याच नियमानें. फ्रेंच लोकांनीं आणखी पुढें जाऊन 'स' सुद्धां गिळला व 'एकोल' म्हटलें. स्पॅनिश माणसानें केलें तर तो भाषेचा विकास आणि मूर्तिजापूरच्या शेतकऱ्यानें केलें तर तें अडाणीपण, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. 'ळ'च्या बाबतींत तर साहेब व आमचा वऱ्हाडी हे दोघेही एकाच बांकावर बसतात. साहेबाला तो येत नाहीं म्हणून तो 'ल' म्हणतो. वऱ्हाडी खेडूत काळ्याला 'काया' व डोळ्याला 'डोया' म्हणून मोकळा होतो.

आतां कापसाकडे वळूं, कारण कापसावांचून वऱ्हाडचा कोणताही इतिहास पुरा होत नाहीं. येथें देवघेव दुहेरी झाली. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस इंग्लंडांत पोहोंचेना, आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचे डोळे आमच्या काळ्या मातीकडे लागले. वऱ्हाडच्या कापसाला त्या बाजारांत 'ऊमरा' म्हणत. हें नांव आमच्या अमरावतीचें, म्हणजे त्या काळच्या उमरावतीचें. तेव्हां लँकेशायरच्या गिरणीवाल्यालाही रोजच्या धंद्यासाठीं एक वऱ्हाडी शब्द शिकावा लागला होता! १८७० सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः खामगांवास आले व जलंब-खामगांव हा रेल्वेचा फांटा त्यांच्या हस्तें उघडला गेला. एका कापसाच्या पेठेसाठीं हिंदुस्थानचा लाटसाहेब येतो, यावरून त्या पेठेचें मोल कळावें. जिन, प्रेस, बॉयलर, इंजिनेर, मुकादम, हप्ता, अशी सरमिसळ भाषा जिनिंगच्या आवारांत तयार झाली. तिच्यांत रेचा हा आपला जुना शब्द होता व गांठही आपलीच होती. मध्यें मध्यें साहेबाचे शब्द पाचरीसारखे ठोकलेले. कापूस वेंचणाऱ्या व सरकी निवडणाऱ्या बायांना 'जिन' हें यंत्र कीं कारखाना कीं जागेचें नांव, असा प्रश्न कधींच पडला नाहीं.

याच कापसानें दोन असे शब्द आणले कीं ते न येते तर बरें झालें असतें. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारांत भाव उघडला कितीला व मिटला कितीला, हे आंकडे तारेनें मुंबईस येत, आणि त्या आंकड्यांवर पैज लावण्याचा नाद लोकांस लागला. पुढें ते भाव येणें बंद झालें, आंकडे मडक्यांतील चिठ्ठ्यांतून निघूं लागले, धंद्याला मटका नांव पडलें. परंतु 'ओपन' व 'क्लोज' हे शब्द राहिले. सही करतां न येणाऱ्या माणसाला हे दोन शब्द उत्तम येतात. भाषा शिकण्यास गरज व गोडी लागते असें आम्ही वर्गांत सांगतों. तिला व्यसनही पुरतें, हें या उदाहरणावरून कबूल करावें लागतें.

घराच्या आंत इंग्रजी आली ती पुरुषांच्या हातून कमी व दिव्यातेलाच्या निमित्तानें जास्त. रॉकेल म्हणजे 'रॉक ऑइल', घासलेट म्हणजे 'गॅस लाइट', माचिस म्हणजे 'मॅचेस'. आमच्या भागांत अजूनही मातीचें तेल म्हणणारे आहेत, पण घासलेटाचा दरवळ त्या शब्दाला नाहीं. याच्याही आधीं आलेले पाव, बटाटा, चावी, बादली, पगार हे शब्द पोर्तुगीजांचे. आमच्यासाठीं रूढ झालेला पाद्री हा शब्दही त्यांचाच. बिस्किट, बटन, कोट, बूट, स्टो, कारड आणि मन्यार्डर यांची यादी वाचकच पुरी करतील. परगांवीं नोकरीस असलेल्या मुलाची मनिऑर्डर ज्या दारीं येई, तेथील आईला त्या शब्दाचें स्पेलिंग कोणी विचारूं नये.

आतां शाळेकडे येऊं. १८५४ च्या वुड साहेबांच्या खलित्यानें असें ठरविलें कीं बहुजनांचें शिक्षण देशी भाषांतून व वरचें शिक्षण इंग्रजींतून व्हावें. त्याच वर्षीं सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला व त्यांत त्यांनीं शूद्र व स्त्रिया यांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला. सरकारी खलित्याला इंग्रजी हवी होती ती कचेरीसाठीं. सावित्रीबाईंना हवी होती ती सुटकेसाठीं. त्यानंतर पांढरपेशा लोकांत इंग्रजीला वाघिणीचें दूध म्हणण्याची चाल पडली. दूध होतें खरें. पण वाघिणीपर्यंत पोहोंचावयाचें तर वऱ्हाडच्या मुलाला बरेच दिवस गांव सोडावें लागे. नागपुरास हिस्लॉप कॉलेज १८८३ चें व मॉरिस कॉलेज १८८५ चें. अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें तें १९२३ सालीं. पापळच्या शेतकरी घरांत १८९८ सालीं जन्मलेले पंजाबराव देशमुख एडिंबरोपर्यंत जाऊन विद्वान् व बॅरिस्टर होऊन परतले व त्यांनीं अमरावतीस शिक्षणसंस्था उभारली, तेव्हां खेडोपाडींच्या कुणब्याच्या पोराला ती वाट आपलीशी वाटूं लागली. 'बालिस्टर' हा शब्द त्या काळीं गांवोगांव आदरानें उच्चारला जाई.

या मुलांच्या हातीं जें पुस्तक असे त्याचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची 'भाषांतर पाठमाला', तिचे तीन भाग. आधीं शब्द, मग नियम, मग मराठी वाक्यांचें इंग्रजी करावयाचें व इंग्रजीचें मराठी. महाराष्ट्रांतील पिढ्यान् पिढ्या या पाठमालेवर पोसल्या गेल्या, आणि तिची थोरवी कमी लेखण्याचा आमचा बिलकुल हेतु नाहीं. नियमाची पक्की बैठक हवी असेल त्यानें ती आजही उघडावी. परंतु भाषांतराच्या रीतीची मर्यादा आहे ती आहेच. तिच्या योगानें माणूस लिहितो बरा व बोलतांना अडखळतो, कारण बोलण्याच्या क्षणीं तो आधीं मराठी वाक्य रचतो, मग त्यांतील एकेक विटेला इंग्रजी वीट शोधतो, आणि तोंवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

शिवाय रोजचीं वाक्यें विटेला वीट लावून होतच नाहींत. निरोप घेतांना आपण 'येतो' म्हणतों. 'जातो' म्हणणें अशुभ. हेंच शब्दशः इंग्रजींत म्हणणारा पाहुणा उंबऱ्याबाहेर पडून गेला, आणि यजमान साहेब दार उघडें ठेवून त्याची वाट पाहत बसला, तर दोष कोणाचा? इंग्रज भेटल्याबरोबर 'हाऊ डू यू डू' विचारतो, तेव्हां त्याला आपल्या प्रकृतीची चौकशी करावयाची नसते; तेंच वाक्य उलट म्हणावयाचें असतें. आमचा वऱ्हाडी माणूस मात्र प्रामाणिकपणें गुडघेदुखीपासून सुरुवात करील. 'शुभ नांव काय' या आपल्या गोड प्रश्नाचें 'व्हॉट इज युवर गुड नेम' असें इंग्रजी आपण केलें आहे. तें इंग्रजाला चमत्कारिक वाटतें, वाटो बापडें.

मोठी अडचण 'प्लीज' व 'थँक यू' यांची. साहेबलोक पूर्वीं म्हणत कीं नेटिवांच्या भाषेंत या दोन शब्दांना प्रतिशब्द नाहींत, अर्थात् त्यांना सौजन्यच नाहीं. 'कृपया' व 'आभार' हे शब्द पाट्यांवर व सभांत शोभतात, घरांत कोणी उच्चारीत नाहीं, हें खरें. परंतु आपला विनय शब्दांत नसून क्रियापदांत व सर्वनामांत आहे. दे, द्या, द्या ना, द्याल कां, या चढत्या पायऱ्या ज्याच्या कानाला कळतात त्याला निराळ्या 'प्लीज'ची गरज पडत नाहीं. तू, तुम्ही आणि आपण यांच्या जागीं इंग्रजाकडे एकच 'यू' आहे, मग त्याला विनय बाहेरून चिकटवावा लागतो. तेव्हां 'प्लीज' शिकवितांना आम्ही मुलांना हें सांगतों कीं, बाळांनो, इंग्रज असभ्य नाहीं व तुमची आजीही असभ्य नाहीं. दोघे आपली सभ्यता निरनिराळ्या खिशांत ठेवतात. एक गोष्ट मात्र मनाला लागते. 'यू'बरोबर 'अंकल' व 'आंटी' आल्या, आणि त्या दोन शब्दांत काका, मामा, मावसा, आत्या, मावशी, काकू, मामी हीं सगळीं नातीं एका पोत्यांत भरलीं गेलीं. एखाद्या लहान मुलीनें आईच्या भावास व शेजारच्या दुकानदारास एकाच नांवानें हांक मारावी, ही इंग्रजीची समृद्धि नव्हे.

याउलट एका बाबतींत वऱ्हाडी मुलाला जन्मतःच लाभ झालेला आहे, व तो त्याला कोणी सांगत नाहीं. ग्रियर्सन साहेबांच्या भाषापाहणीचा मराठीवरील खंड १९०५ सालीं निघाला. त्यांत वऱ्हाडीचे नमुने सविस्तर दिले आहेत. या बोलींत चालू क्रिया सांगण्याची स्वतंत्र रीत आहे: 'मी जेऊन राह्यलो', 'तो जाऊन राह्यला', 'पाणी पडून राह्यलं'. इंग्रजींतील 'आय ॲम ईटिंग', 'ही इज गोइंग' यांचें हें तंतोतंत जुळें. शाळेंत काय घडतें? मुलगा 'जेऊन राह्यलो' म्हणाला कीं ती गांवठी बोली म्हणून गुरुजी आधीं त्याची कानउघाडणी करतात, आणि मग चालू वर्तमानकाळ शिकविण्यासाठीं महिनाभर घाम गाळतात. गांवच्या विहिरीचें पाणी बुजवून टँकर मागविण्याचाच हा प्रकार.

येथें आमच्या नागपूर मिशनविषयीं दोन शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं, कारण अमरावती हा स्वतंत्र धर्मप्रांत १९५५ सालीं झाला, तत्पूर्वीं आपण नागपूरचेच. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नांवानें फादर मेर्मिए यांनीं १८३८ सालीं ॲनसी येथें स्थापिलेल्या संघाचे मिशनरी १८४५ सालीं या देशांत आले. ते सॅव्हॉयचे, सॅव्हॉय १८६० पर्यंत सार्डिनियाच्या राजाकडे होतें, त्यांची भाषा फ्रेंच. १८७० सालीं त्यांनीं नागपुरास जी शाळा काढली ती मात्र इंग्रजी शिक्षणाची. म्हणजे शिकविणारा फ्रेंच बोलणारा, शिकणारा मराठी-हिंदी-तामिळ बोलणारा, आणि दोघांच्या मध्यें जी भाषा ती दोघांपैकीं कोणाच्याही आईची नव्हे! आमच्या मतें हें त्या शाळेचें वैगुण्य नसून भाग्य होय. ज्यानें स्वतः परकी भाषा अडखळत आत्मसात केली आहे, त्याला विद्यार्थ्याचा पाय कोठें घसरणार हें आधींच ठाऊक असतें. आमच्या जुन्या भाविकांना आठवत असेल कीं लॅटिन मिस्सेंतील उत्तरें वेदीसेवक मुलें धडाधड म्हणत, अर्थाचा गंध नसतां. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं लोकभाषेला उपासनेंत मुभा दिली व तो प्रकार मागें पडला. पाठांतराची टिंगल पुष्कळांनीं केली. पण त्या मुलांचे लॅटिन उच्चार स्वच्छ होते, बोलतांना त्यांना भीति नव्हती, आणि अर्थ मागाहून शिकवावयास तयार गुरु भेटला कीं तो त्यांच्या मनांत चटकन् बसे. रोजचीं इंग्रजी वाक्यें आधीं कानानें व तोंडानें घ्यावीं व व्याकरण मागून यावें, असें आम्ही म्हणतों तें या अनुभवावरून.

२००० सालीं महाराष्ट्रांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी आली. तोंवर मराठी शाळांत ती पांचवीपासून होती. आतां खेड्यांतील सहा वर्षांचें मूलही ॲपल आणि झेब्रा म्हणतें. ॲपल त्यानें आजारपणांत एखादें खाल्लें असेल, झेब्रा तर त्याच्या चार पिढ्यांत कोणीं पाहिलेला नाहीं. ज्या वस्तु त्याच्या घरांत व शेतांत आहेत, त्यांवर छापलेले शब्द मात्र त्याच्या पुस्तकांत नसतात. हा निव्वळ शिक्षणशास्त्राचा वाद असता तर आम्हीं एवढा कागद खर्चिला नसता.

२०१७ च्या हंगामांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, व शेंकडोंना रुग्णालयांत न्यावें लागलें. कारणें अनेक होतीं: औषधांचीं मिश्रणें, तोंडाला व हाताला आवरण नसणें, दिवस दिवस चाललेली फवारणी. सगळा दोष अक्षरओळखीवर ढकलणें अन्यायाचें होईल. तरीपण त्या डब्यांवर काय छापलेलें असतें तें पाहूं. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणें प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागांत रंग व वरच्या अर्ध्या भागांत शब्द. तांबडा रंग असल्यास वर कवटी व 'पॉयझन'. पिवळा असल्यासही 'पॉयझन'. निळा असल्यास 'डेंजर'. हिरवा असल्यास 'कॉशन'. विषाची तीव्रता याच क्रमानें उतरत जाते. आंत ठेवावयाच्या माहितीपत्रकांत प्रादेशिक भाषाही असावी असा नियम आहे, आणि ती असतेही. पण तें मुंगीच्या अक्षरांचें, घडीवर घडी घातलेलें पत्रक बांधावर वाऱ्याला उघडून वाचणारा मजूर आम्हीं तरी पाहिलेला नाहीं. पुष्कळदां मजुराच्या हातीं डबा येतच नाहीं. येतो तो मालकानें कालवून ठेवलेला ड्रम. हिरव्या रंगानें तर उलटाच घोटाळा होतो. रेल्वेनें दीडशें वर्षें शिकविलें कीं हिरवें म्हणजे बेधडक चला. डब्यावरचें हिरवें म्हणजे जपून, हेंही विषच.

म्हणून गेलीं कांहीं वर्षें मृग नक्षत्र लागलें कीं रविवारच्या मिस्सेनंतर आम्ही फळ्यावर चार चौकोन काढतों, रंगीत खडूनें भरतों व शब्द देवनागरींत आणि इंग्रजी अक्षरांत असे शेजारीं शेजारीं लिहितों, 'दर्पण'च्या रकान्यांप्रमाणें. फवारणीला जाणारीं माणसें पुढें बसतात. 'डेंजर' सर्वांना विजेच्या खांबामुळें येतो. 'पॉयझन' दोन रविवारांत येतो. 'कॉशन'ला वेळ लागतो. मागच्या वर्षीं एका सहावींतल्या मुलीनें हात वर करून विचारलें कीं या शब्दाला आपल्या बोलींत काय म्हणावें. 'सावधान' म्हटलें तर लग्नाची आठवण होऊन बाया हंसतात. आम्ही विचारांत पडलों, तोंच मागच्या बांकावरून तिची आजी म्हणाली, "जपून, माय, जपून." तेव्हांपासून फळ्यावर हिरव्या चौकोनाशेजारीं आम्ही तोच शब्द लिहितों.